पायाखालचा कापूस

आज सकाळी मागल्या दारच्या पायरीवरून अंगणात उतरले, आणि फरशी मऊ लागली. कार्तिकाची कोवळी थंडी, दवाने भिजलेला काळा दगड आणि त्यावर टेकलेले माझे म्हातारे, भेगाळलेले पाऊल; एरवी त्या स्पर्शासरशी टाचेतून एक गार शिरशिरी निघते, थेट मस्तकापर्यंत जाते आणि मी पदर आवळून घेते. आज ती शिरशिरी आलीच नाही. दगडाचा दगडपणाच कुणी काढून घेतला होता! रात्रीतून अंगणभर रुईचा पातळ थर पसरून ठेवावा तसे काहीतरी हलके, अस्पष्ट पायाखाली होते. खोटे कशाला सांगू, क्षणभर मला फार बरे वाटले. हिंगणघाट आठवले, जिनाचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, ते विस्तीर्ण आवार आठवले, बाबा आठवले. त्या क्षणानंतर काय झाले ते मागाहून सांगते. आधी तुम्हाला कापसावर चालवून आणू द्या.

कापसाच्या गंजीवर अनवाणी चालला आहात कधी? दिवाळी सरली की चहूकडच्या खेड्यांतून कापसाने भरलेल्या बैलबंड्या हिंगणघाटच्या वाटेला लागत, वेणा नदीच्या उतारावर बैलांच्या घंटांचा नाद पहाटेपासून सुरू होई, आणि जिनाच्या आवारात ओतता ओतता कापसाची टेकडी घराच्या आढ्याएवढी उंच होई. भर दुपारी तिच्याकडे पाहवत नसे, डोळे दिपून जात. सांजावताना मात्र तीच टेकडी केशरी होऊन मायेने जवळ बोलवी. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. वरचा थर उन्हाने तापलेला, त्याखाली थोडा गारवा, त्याहून खाली कालच्या उन्हाची उरलेली ऊब, आणि मध्येच सरकीचा एखादा टणक दाणा टाचेला गुदगुल्या करणारा. स्पर्शाचे इतके पदर दुसऱ्या कुठल्या वस्तूला असतील? मला तरी आयुष्यात सापडले नाहीत, आणि आता सापडतील असेही वाटत नाही.

माझे वडील त्या जिनात पारखी होते. आलेला कापूस कसा आहे हे ठरवणे त्यांचे काम. धाग्याची लांबी ते बोटांनी पाहत, चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ताणून. पण ओल पाहत ती पायांनी. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर पायताण घालून चढायचे नाही, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणून बंडी रिकामी झाली की बाबा चपला बाजूला काढत, वाकून कापसाला हात लावत, तो हात कपाळाला लावत आणि डोळे मिटून सावकाश चालू लागत. सात-आठ पावले, फार तर दहा. मध्येच थबकून एवढेच म्हणत, "इथं पानी हाय." तिथला कापूस उपसला की आतून दमट निघे! ओला कापूस गंजीत गेला तर आतल्या आत तापतो, कुजतो, कधी पेटूनही उठतो. तेव्हा त्या दोन तळव्यांवर साऱ्या आवाराचा भरवसा होता. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारीत नसे, पारखीजी म्हणत. त्यांना त्याचा ताठा होता आणि आम्हालाही होता. गवई गळा जपतो, सोनार डोळे जपतो. बाबांनी पाय जपले नाहीत, कारण पाय जपायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

त्यांच्या लघवीत साखर आहे हे आम्हाला वेळेवर कळले होते, हे विशेष. तहान भागेना, धोतर सैल होऊ लागले, मोरीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळे औषध घातले, त्यात थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे विटकरी. त्या दिवसापासून आमच्या घराने बाबांच्या जिभेवर पहारा बसवला. आईने गुळाचा डबा कुलपात ठेवला, मी चहाच्या कपावर नजर ठेवू लागले, शेजारणी बारशाचे लाडू पाठवताना "पारखीजीले देऊ नोका" असे बजावू लागल्या. जीभ, जीभ आणि जीभ! हा वैरी तोंडावाटे आत शिरतो एवढेच आमचे ज्ञान. तो तळव्यांखाली केव्हाचा येऊन बसला आहे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

पुढल्या श्रावणातली गोष्ट. जिन बंद, आवारात चिखल, शेतांत कापसाची पऱ्हाटी अजून गुडघाभर. साऱ्या तालुक्यात कापूस औषधालाही नव्हता. बाबा जेवून उठले, ओसरीच्या फरशीवरून दोन येरझाऱ्या घातल्या आणि हसत आईला म्हणाले, "काय सांगू वं, मले त अजून कापसावरच चालून राह्यलो असं वाटते."

आई खळखळून हसली. "आता झोपेतबी पारख करसान तुमी!" म्हणाली. मीही हसले. ती गोष्ट गल्लीभर झाली, आणि जो तो कौतुकाने सांगू लागला की पाहा, हंगाम संपला तरी लक्ष्मी या माणसाचे पाय सोडीत नाही. बाबांनाही ते खरे वाटले. अहो, रोग स्वतः घरी येऊन आपले नावगाव सांगत होता, आणि आम्ही त्याला हसण्यावारी नेले! लोहाराच्या घरात, कुंभाराच्या घरात कुणी असे म्हटले असते तर बायकोने निदान विचारले तरी असते, की हे असे कसे वाटते तुम्हाला. आमच्या घरात पायाला कापूस लागणे ही इतकी रोजची गोष्ट होती, की तो कुठून लागला हे कुणी विचारले नाही.

हंगाम पुन्हा सुरू झाला. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, दुपारी बाबांचा डबा घेऊन जिनात जात असे, म्हणून मला दिसले. बाबा कापसावर चढत, सात-आठ पावले टाकत, आणि मग इकडेतिकडे पाहून हळूच वाकत. मूठभर कापूस उचलून गालाला लावून पाहत. पायांनी जे सांगायचे ते आता गाल सांगत होता. एकदा मुनिमाने ते पाहिले आणि थट्टा केली, "काय पारखीजी, पायाले सुट्टी देल्ली काय?" बाबा हसले. पण त्या दिवशी डब्यातली भाकर तशीच परत आली. मी ती गाईला घातली आणि आईला काही बोलले नाही.

मग तो दिवस उजाडला. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. मी डबा घेऊन फाटकातून आत शिरले तर आवारातले काम थांबलेले. नुकत्याच ओतलेल्या कापसावर लाल डाग होते, एकापुढे एक, पावलांच्या अंतराने. कुणीतरी रक्ताळलेल्या पायाने लक्ष्मीवरून चालून गेले होते! बाबा संतापाने थरथरत होते. टोपल्यांनी कापूस वाहणाऱ्या बायांना त्यांनी रांगेत उभे केले होते आणि ते ओरडत होते, "कोनाचा पाय फुटला? एकेक जनी पाय दावा!" बाया माना खाली घालून चुळबुळत होत्या. त्यांत रुखमा होती. तिची मान मात्र ताठ होती. ती मागल्याच दसऱ्याला पोराबाळांसह नागपूरला जाऊन, बुद्धाला शरण जाऊन आली होती, आणि तेव्हापासून कुणासमोर खाली पाहणे तिने सोडून दिले होते.

"आमचेच काऊन पाह्यता जी?" ती शांतपणे म्हणाली. "तुमीबी त गंजीवर चढले होते. पयले तुमचा दावा."

बाबांच्या कानशिलाची शीर उडू लागली. "माह्या पायाले काय झालं?" असे म्हणत त्यांनी रागारागाने उजवा पाय उचलून सगळ्यांसमोर धरला. तळव्याच्या मधोमध वाळक्या पऱ्हाटीची काडी रुतलेली होती, बोटभर लांब, कापसाबरोबर बंडीतून आलेली, आणि तिच्या बाजूने रक्त ठिबकत होते. बाबा त्या पायाकडे पाहत राहिले, परक्याचा पाय पाहावा तसे.

पुढे झाली ती रुखमाच. तिने बाबांना सरकीच्या पोत्यावर बसवले, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि काडी नखांत धरून ओढली. काडी बाहेर यायला बराच वेळ लागला.

"दुखते काय जी?"

"नाई."

"थोडंबी?"

"अजिबात नाई," बाबा म्हणाले, आणि सभोवार कौतुकाची कुजबुज उठली. "छाती लागते बाप्पा अशी," मुनीम म्हणाला. बाबांचा उतरलेला चेहरा उजळला. मघाची शरम त्या एका वाक्याने धुऊन निघाली होती. एकट्या रुखमाला तेवढे कौतुक वाटले नाही. रक्ताने भिजलेली काडी बोटांत फिरवीत ती म्हणाली, "असं नसते होत जी. एवढी काडी घुसली त मानसाले दुखलं पायजे." तिचे बोलणे कुणी मनावर घेतले नाही. मीही घेतले नाही. मला तर त्या क्षणी बापाच्या शौर्याचा अभिमान वाटत होता.

वेदना! किती शिव्या देतो आपण तिला! पण दारात कुणी आले की भुंकणारे ते घरचे कुत्रे आहे, आणि ते एकाएकी गप्प झाले तर सुखाने झोपायचे नसते, उठून दार पाहायचे असते. आम्ही झोपलो. आईने जखमेत हळद भरली, वर तेलाची पट्टी बांधली, आणि बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा जिनात गेले. "दुखतच नाई त दवाखान्यात जाऊन सांगू काय?" असे म्हणायचे. सहाव्या-सातव्या दिवशी पट्टीला वास येऊ लागला. आईने तळव्याला चिमटा काढून पाहिला, मग जोरात काढून पाहिला, आणि तिचे तोंड पांढरे पडले. आमच्या जिल्ह्यात बधिर पाय म्हटले की लोकांच्या मनात एकच नाव येई, आणि ते घेताना माणसे आवाज उतरवीत: महारोग. सेलूचे एक स्थळ मला नुकतेच पाहून गेले होते, उत्तर यायचे होते. आईने दार लोटले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कोनाले सांगू नोको, बाई. कोनी पुसलं त पाय मुरगळला म्हनजो."

मी तसे सांगितले. तीन आठवडे सांगत राहिले. शेजारणींना सांगितले, मुनिमाला सांगितले, विचारपूस करायला दारापर्यंत आलेल्या रुखमाला सांगितले. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि ती परत गेली. माझ्या लग्नासाठी माझ्या बापाचा पाय आतल्या खोलीत सडत होता, आणि मी दारात उभी राहून 'मुरगळला' म्हणत होते. अज्ञान होते म्हणून क्षमा मागावी, तर ती कुणाकडे?

अंगठा काळा पडला, तापात बरळणे सुरू झाले, तेव्हा बाबांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि आमच्याकडे न पाहताच सांगितले की हा महारोग नाही. ही साखर आहे, तीच पायांची जाणीव खाऊन टाकते. मग त्यांनी डावा पाय पाहायला घेतला. परिचारिकेच्या ताटलीतून कापसाची एक चिमूट उचलली आणि म्हणाले, "डोळे मिटा. पायाला लागलं की हो म्हणा." बाबांनी डोळे मिटले, गंजीवर चढताना मिटत असत अगदी तसे. डॉक्टरांनी टाचेवरून कापूस फिरवला. मग बोटांवरून, मग तळव्याच्या खळग्यातून. एकदा, दोनदा, तीनदा. बाबा एकाग्र होऊन वाट पाहत होते. चेहऱ्यावर ती जुनी, पारख्याची शांतता होती. मग ते जरासे अधीर झाले. म्हणाले, "लावा ना जी, डाक्टरसायेब. तुमी त लावूनच नाई राह्यले."

मी तोंडात पदर कोंबला. डॉक्टरांनी हलक्या आवाजात आईला विचारले, "साखर आहे हे ठाऊक होतं ना? मग रोज पाय कुणी पाहत नव्हतं का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाय रोज पाहायचे असतात? पाहुण्याच्या पायांवर आपण पाणी घालतो, देवाच्या पायांवर डोके ठेवतो, नव्या सुनेची पावले कुंकवात उमटवून घेतो. पण घरातल्या माणसाचा तळवा उलटा करून दिव्यापाशी धरायचा, हे आम्हाला कुणी शिकवले होते?

उजवा पाय गुडघ्याखाली कापला. घरी निघताना परिचारिकेने आम्हाला एकेक गोष्ट समजावली: रोज सांजेला तळवा पाहा, वाकता येत नसेल तर आरशात पाहा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, पाणी किती ऊन आहे ते कोपराने पाहा, शेगडीवर पाय शेकू देऊ नका, चप्पल झटकल्याशिवाय घालू देऊ नका, आणि अनवाणी एक पाऊलही नाही. किती साध्या गोष्टी! यांतल्या कशासाठी शहाणपण लागत होते, की पैसा लागत होता? आई मान डोलवत ऐकत होती. निघताना तिने एवढेच म्हटले, "हे आंदी सांगतलं असतं कोनी..."

तिच्या कुंकवाच्या करंड्यात एक वाटोळा आरसा होता, तळहाताएवढा. तेव्हापासून तो दिवसातून दोनदा निघू लागला: सकाळी तिच्या कपाळासाठी, दिवेलागणीला बाबांच्या डाव्या तळव्यासाठी. बाबा भिंतीला टेकून बसत, आई आरसा खाली धरी, मी कंदील धरी. "काय दिसते वं?" ते विचारत. "काई नाई, चांगला हाय." सेलूचे स्थळ जमले; माझ्या लग्नात बाबा कुबडीवर उभे राहिले आणि पाहुण्यांनी विचारले की काय झाले, तर स्वतःच म्हणाले, "साखर." माहेरी आले की दिसे, ते ओसरीत बसून जिनाच्या भिंतीवरून डोकावणारे ते पांढरे शिखर पाहत असत. आवारात मात्र पुन्हा कधी गेले नाहीत. तिसऱ्या वर्षी शरीर आतूनच खचले आणि ते गेले. शेवटची आंघोळ घालताना मी त्यांचा डावा तळवा पाहिला. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. पाय आम्ही जपला होता, माणूस आम्हाला जपता आला नाही.

तेराव्यानंतर आईने तो आरसा माझ्या हातात ठेवला. "घेऊन जाय. मले आता कायले पायजे?" म्हणाली.

मलाही साखर निघाली त्याला आता खूप वर्षे झाली. आरसा अजून आहे, कडेने पारा उडालेला. या सेलूत मी कुणाकुणाचे पाय पाहिले म्हणून सांगू! ज्याला ज्याला साखर आहे असे कानावर येई, त्याच्या ओसरीत जाऊन मी ठाण मांडी, चपला काढायला लावी, तळवा उलटा करायला लावी. बाया दुरून पाहून म्हणत, "आली वं पाय पाह्यनारी!" पोरे माझ्या चालण्याची नक्कल करीत. मला राग येत नसे. एक पाय वाचला तरी एक खोटे फिटेल, असा काहीतरी माझा वेडा हिशेब होता. काही पाय वाचलेही असतील. बरेचसे वाचले नाहीत, कारण 'दुखत नाई' हे दोन शब्द माझ्या साऱ्या बडबडीपेक्षा माणसाला गोड वाटतात.

आणि मी? साऱ्या गावाला शिकवणारी मी? अंगणातली सकाळची चार अनवाणी पावले तेवढी मी स्वतःला माफ करून ठेवली होती. सकाळी फरशी मऊ लागली, क्षणभर बरे वाटले, दुसऱ्या क्षणी मला सगळे कळले. आणि मी दिवसभर कुणाला एक अक्षर बोलले नाही. तुरीच्या शेंगा सोलल्या, देवाच्या वाती वळल्या, नातवाशी भांडले. दुपारी सूनबाईने विचारले की आज चालताना अडखळता कशा, तर माझ्या तोंडून पटकन निघून गेले की पाय मुरगळला. इतक्या वर्षांनी तेच वाक्य! जे ठाऊक असते तेही भीतीपुढे असे लटके पडते.

दिवेलागणीला मात्र राहवले नाही. सूनबाईला हाक मारली, आरसा काढायला लावला. वंदना गुणी पोर आहे. तिने दोन्ही तळवे नीट पाहिले, बेचक्या पाहिल्या, टाचा पाहिल्या. ओरखडा नाही, फोड नाही, काही नाही. पण आरशात दिसते ते वेगळे आणि मला जाणायचे होते ते वेगळे. वातींसाठी पिंजून ठेवलेल्या कापसातली एक चिमूट मी तिच्या हातात दिली आणि म्हटले, हा तळव्यावरून फिरव, लागला की मी हो म्हणेन. मग डोळे मिटले. जिनाचे आवार दिसले, सांजेची केशरी टेकडी दिसली, चपला बाजूला काढून वाकणारे बाबा दिसले. मी वाट पाहिली. बराच वेळ वाट पाहिली.

"लाव ना वं, वंदना," मी म्हणाले.

डोळे उघडले तर कापूस माझ्या तळव्यावरच होता, आणि ती माझ्याकडे न पाहता तो फिरवीत होती.